परदेशाची गुणपत्रिका

गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या सकाळी माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. सातपूरला आमच्या वस्तीत मुले फराळाचे ताट घेऊन येतात, त्यात नवल नाही. परंतु याने पाया पडून होताच खिशातून घडी घातलेला एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. "गुरुजी, एवढी बेरीज तपासता का?" वीस वर्षांपूर्वी त्याने गणिताची वही याच संकोचाने माझ्यापुढे धरली होती.

बेरीज कॅनडाची होती. तेथे कायमचे राहू इच्छिणाऱ्या कुशल माणसाला १२०० पैकी गुण मिळतात. त्यांतले ६०० एखाद्या प्रांताने नाव सुचवले तरच पदरात पडतात, म्हणजे सामान्य माणसाची झुंज उरलेल्या सहाशेंत. वयाच्या रकान्यात त्याने ९४ लिहिले होते. "हे पौषापर्यंतच," तो म्हणाला, "पौषात मला तेहेतीस पूर्ण होतात. मग ८८." आमच्या शाळेत मूल वर्षाने मोठे झाले की त्याच्याकडून अधिक गुणांची अपेक्षा धरतात. येथे तिशीच्या सुमारास प्रत्येक वाढदिवस पाचसहा गुण घेऊन जातो आणि पंचेचाळिसाव्या वर्षी त्या रकान्यात शून्य उरते.

त्याचे वडील टर्नर. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्र्यंबक रस्त्यालगतच्या आमच्या सातपूरच्या शेतांतून पुढे कारखान्यांचे भोंगे वाजू लागले. बाहेरगावचे लोक येथे आले ते कुणा नातलगाच्या, गाववाल्याच्या शब्दावर. या मुलाच्या वडिलांना लेथवर एक तुकडा फिरवून दाखवायला सांगितले, तो पाहिला आणि दुसऱ्या दिवशी कामावर बोलावले. एवढीच त्यांची परीक्षा.

परक्या देशात शिरणाऱ्याची परीक्षा मात्र पूर्वीपासून निराळीच होती. १८३४ नंतर मजूर म्हणून मॉरिशसला जी माणसे गेली, त्यांत कोकणातले मराठी लोकही होते. त्यांचे शरीर कामाजोगे आहे की नाही, एवढेच पाहत. तेथे उतरल्यावर प्रत्येकाला एक क्रमांक मिळे. शाळा किती शिकलास, हे त्यांना कोण विचारणार?

पुढे आले ते सरळ सरळ कातडीचा रंग पाहणारे कायदे. आपल्या मुलुखातून कॅनडाला थेट जाणारी बोटच नव्हती, आणि १९०८ साली तेथील सरकारने नियम केला की, येणाऱ्याने मायदेशाहून न थांबता थेट प्रवास करून आले पाहिजे! शिवाय आशियातल्या माणसाच्या खिशात २०० डॉलर हवेत. नियमात हिंदुस्थानचे नावसुद्धा नाही; पण दार बंद झाले ते आपल्याच तोंडावर. १९१४ च्या मे महिन्यात 'कोमागाटा मारू' ही बोट ३७६ हिंदी उतारू घेऊन व्हँकुव्हरला पोहोचली. त्यांत बहुतेक शीख होते. दोन महिने ती माणसे किनारा पाहत पाण्यावर बसली. बोटावर मोजण्याइतक्यांना उतरू दिले, बाकीच्यांसह बोट २३ जुलैला परत फिरवली.

ऑस्ट्रेलियाची तऱ्हा तर शिक्षकाने कपाळाला हात लावावा अशी. १९०१ च्या कायद्याने तेथे नकोशा माणसाला पन्नास शब्दांचे श्रुतलेखन घालीत, तेही अधिकारी निवडील त्या युरोपीय भाषेत. १९३४ साली एगॉन किश नावाचा, प्रागमध्ये जन्मलेला एक लेखक सिडनीला गेला. त्याला अनेक भाषा येतात म्हणून स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत उतारा सांगितला! अर्थात तो नापास झाला. पण त्याने दावा लावला आणि कायद्याच्या अर्थाने ती युरोपीय भाषाच नव्हे, असे तेथल्या वरिष्ठ न्यायालयाने ठरवले. मी आजवर हजारो मुलांना श्रुतलेखन घातले असेल. नापास करण्यासाठी ते घालतात हे वाचून मला माझ्या खडूचीच लाज वाटली. ही परीक्षा १९५८ पर्यंत चालू होती.

कॅनडाने १९५१ साली वर्षाला दीडशे भारतीयांना जागा दिली, १९५७ साली तीनशेंना. १९६२ मध्ये वंशाची आडकाठी बहुतांशी काढली आणि १ ऑक्टोबर १९६७ पासून गुणांचा तक्ता आला. एकूण शंभर, उत्तीर्ण होण्यास पन्नास. शाळेच्या प्रत्येक वर्षाला एक असे शिक्षणाचे वीसपर्यंत गुण. व्यवसायाला मागणी असल्यास पंधरा. कसब, वय, भाषा, हाती असलेली नोकरी यांचे दहा-दहा. नातलग तेथे असल्यास पाच. जेथे जायचे तेथे काम मिळण्याजोगे असल्यास आणखी पाच. मी सहज स्वतःला त्या तक्त्यात बसवून पाहिले. मॅट्रिकची दहा वर्षे, म्हणून दहा गुण. शेहेचाळिसाव्या वर्षाचे शून्य. मराठी कादंबऱ्यांचा रकाना नाही.

उरलेले पंधरा गुण अधिकाऱ्याच्या हाती असत. समोरच्या माणसाची चिकाटी, हुरूप, परक्या ठिकाणी जुळवून घेण्याची वृत्ती पाहून त्याने ते द्यायचे. २०१५ च्या जानेवारीत सुरू झालेल्या पद्धतीत गुण देताना असे कुणी समोर बसत नाही. संगणक बेरीज करतो आणि वरच्या क्रमांकाच्यांना बोलावणे जाते. लेथवरचा तुकडा आता कुणी पाहणार नाही, याची मला रुखरुख वाटते. पण तोंडी परीक्षेचे गुण कसे दिले जातात, आणि कुणाला, हे शिक्षक म्हणून मी जाणतो. 'कोमागाटा मारू' परत पाठवणाराही एक अधिकारीच होता.

मुलाची घाई निराळीच होती. इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोनच वर्षे ग्राह्य धरतात. ऐकणे, बोलणे, वाचणे, लिहिणे या चारांपैकी लिहिण्यात तो थोडक्यात मागे राहिला होता, आणि तेवढ्याने एकवीसऐवजी... नव्हे, एकतीसऐवजी तेवीस गुण. मीच घाईत चुकलो. नोकरी हाती असल्याचे गुण मार्च २०२५ मध्ये काढून टाकले होते, तोही आधार गेला.

"आणि घरी स्थळ आले आहे," तो हळूच म्हणाला. आई तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त धरून बसली होती. मुलगी त्याला आवडली होती. पण बायको बरोबर येणार असेल तर तक्ताच बदलतो. नवऱ्याचे काही गुण कमी होऊन तिचे शिक्षण आणि तिचे इंग्रजी मोजले जाते. मुलगी मराठी घेऊन बी. ए. झालेली, इंग्रजीची परीक्षा तिने दिलेली नव्हती. तिला हे विचारायचे कसे, हाच त्याचा खरा प्रश्न होता, बेरजेचे निमित्त. आईवडिलांसाठी त्या कागदावर रकानाच नव्हता. ते त्याने विचारले नाही, मीही काढले नाही.

मी चष्मा लावून बेरीज तपासली. ती बरोबर होती, पण अविवाहिताची. लाल पेन घेऊन ९४ च्या शेजारी मी विवाहिताचे ८५ लिहू लागलो, तेव्हा तो पटकन म्हणाला, "गुरुजी, पेन्सिलीने लिहा ना."