पॅरिशची नोंदवही आणि सामान्य कुटुंबाचा इतिहास

इंग्लंडमधील ग्रामीण कुटुंबांच्या इतिहासाचे प्रमुख साधन म्हणजे पॅरिशची, अर्थात चर्चच्या अधिकारक्षेत्रातील गावाची, नोंदवही होय. १५३८ मध्ये थॉमस क्रॉमवेल याच्या आदेशाने बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद सक्तीची झाली. डेव्हन परगण्यातील कॉलिटन येथील अशा नोंदी जुळवून ई. ए. रिगली यांनी १९६६ मध्ये कुटुंबपुनर्रचनेवर आधारित अभ्यास प्रसिद्ध केला.

तथापि या पद्धतीला एक मर्यादा आहे. एकाच पॅरिशमध्ये आयुष्य घालविलेली कुटुंबेच तीत पूर्णपणे उभी राहतात. पोटासाठी गाव सोडणारा मजूर नोंदवहीतून नाहीसा होतो. त्याचा माग अन्यत्र लागतो. १६६२ च्या वास्तव्यविषयक कायद्यान्वये, वार्षिक १० पौंडांहून कमी भाड्याच्या जागेत राहावयास आलेला नवागत पॅरिशवर भार होईल अशी तक्रार ४० दिवसांत झाल्यास, दोन दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने त्याला परत पाठविता येई. अशा प्रकरणांतील जबान्यांत जन्मस्थळ, चाकरी, विवाह व मुले यांचा तपशील आढळतो. ज्याला गावाने नाकारले, त्याचीच जीवनकथा गावाच्या दप्तरात उरली. म्हणून वंशेतिहासाच्या अभ्यासकाने नोंदवहीतील मौन हा शेवट मानू नये. हद्दपारीचे कागदही तपासावेत.