सिमेंट लावण्याआधी

मंडळी, रूट कॅनॉलनंतर कॅप बसवताना डेंटिस्ट ती दोन-तीनदा घालून काढतो, रंगीत कागद चावायला लावतो, आणि आपण मनात म्हणतो, चिकटवा की आता! पण या वेळकाढूपणामागे शंभरएक वर्षांचा इतिहास आहे.

१९०७ साली विल्यम टॅगार्ट या अमेरिकन डेंटिस्टने न्यूयॉर्कमध्ये एक पद्धत दाखवली. मेणाचा नमुना करायचा, त्याभोवती साचा घालायचा, मेण जाळून टाकायचं आणि त्या पोकळीत वितळलेलं सोनं ओतायचं. मूर्ती ओतण्याची जुनीच युक्ती, पण इथे गिऱ्हाईक म्हणजे दात. (हेच फिलब्रुक नावाच्या डेंटिस्टने १८९७ मध्ये मांडलं होतं. त्यामुळे टॅगार्टचं पेटंट पुढे कोर्टात टिकलं नाही.)

घोळ असा की ओतलेलं सोनं थंड होताना साधारण दीड टक्का आकसतं. म्हणजे १० मिलिमीटरला ०.१५ मिलिमीटर. एवढी लहान झालेली कॅप दातावर पूर्ण खाली बसतच नाही. मग तेवढंच फुगणारं साच्याचं मटेरियल शोधण्यात पुढची काही दशकं गेली.

तरी फट शून्य होत नाही. मग चालेल किती? मॅकलीन आणि फॉन फ्राउनहोफर यांनी पाच वर्षांत हजारावर दात तपासून १९७१ मध्ये ब्रिटिश डेंटल जर्नलमध्ये आकडा दिला: १२० मायक्रॉन. ८० मायक्रॉनच्या खालची फट तोंडात ओळखणंच अवघड, असंही त्यांनी सांगितलं. आजही कॅपवरच्या संशोधनात १२० चा हवाला दिला जातो.

फट मोठी राहिली की सिमेंट हळूहळू झिजतं आणि आत कीड शिरते. रूट कॅनॉल झालेल्या दाताची नस आधीच काढलेली, त्यामुळे दुखतही नाही. कळतं तेव्हा बऱ्याचदा दातच गेलेला असतो.

म्हणून तपासणीला क्रम आहे. आधी शेजारच्या दातांशी घट्टपणा, फ्लॉस घालून. मग कडा, टोकदार प्रोबने. चावा सगळ्यात शेवटी. क्रम चुकला तर गंमत होते: बाजूला अडकल्यामुळे वर राहिलेली कॅप उंच वाटते, आणि उगाच वरून घासली जाते. कारण सोडून लक्षणावर पॅच मारण्याचा हा प्रकार आपल्या धंद्यात कोणाला नवीन आहे?

१९८५ मध्ये झुरिचला कॉम्प्युटरने दात मोजून सिरॅमिक कोरायला सुरुवात झाली. आता स्कॅनर आले, मिलिंग मशीन आली. पण घालून बघणं काही सुटलं नाही. कारण इथे रोलबॅक नाही. पक्कं सिमेंट लागलं की चुकलेली कॅप बहुतेक वेळा कापूनच काढावी लागते.

तेव्हा डॉक्टरांनी "उंच लागतंय का?" विचारलं, तर मीटिंग आहे म्हणून घाईत "ठीक आहे" म्हणू नका. दोन-चारदा नीट चावून बघा. या टेस्टिंगमधला एक टेस्टर आपणही असतो.