रोगासाठीं घडविलें, औषध ठरलें

शरीरांत रोगजंतूंचा शिरकाव झाला म्हणजे रक्तांतील पांढऱ्या पेशी त्यांवर तुटून पडतात, हें आतां शाळेंतील मुलांसही ठाऊक आहे. पण हेच पहारेकरी घरच्याच माणसांवर शस्त्र उगारूं लागले तर काय होईल? विसाव्या शतकाच्या आरंभीं पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञास शेळ्यांवरील प्रयोगांत असें आढळलें कीं, एका शेळीस दुसरीचें रक्त टोंचलें तर त्या परक्या रक्ताचा नाश करणारें द्रव्य तिच्या शरीरांत तयार होतें. स्वतःच्या रक्ताचा नाश करणारें मात्र होत नाहीं. यावरून शरीरास आत्मघाताचा उपजत तिटकारा असतो, असा सिद्धांत त्यानें मांडला.

या सिद्धांतास लौकरच तडा गेला. १९०४ सालीं डोनाथ व लँडस्टाइनर यांनीं एका दुर्मिळ रोगाचा छडा लावला. थंडी लागली कीं या रोग्यांची लघवी लाल होई, आणि त्याचें कारण हें कीं, त्यांच्याच रक्तांतील द्रव्य त्यांच्याच तांबड्या पेशी फोडीत असे. दुसरा पुरावा पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावरील लशीनें पुरविला. पाश्चर यांनीं १८८५ सालीं मनुष्यास प्रथम टोंचलेली लस सशाच्या वाळविलेल्या मज्जारज्जूपासून केलेली होती. पुढें १९११ मध्यें डेव्हिड सेंपल यांनीं कसौली येथें तयार केलेली लसही जनावरांच्या मेंदूपासूनच होई. पोटांत टोंचल्या जाणाऱ्या चौदा सुयांची आठवण आपल्याकडील जुन्या घरांतून अजून निघते. या लशीनें असंख्य प्राण वाचविले. परंतु क्वचित् एखाद्याचें अंग टोंचणीनंतर लुळें पडे. १९३३ च्या सुमारास न्यू यॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्यें टॉमस रिव्हर्स व त्यांचे सहकारी यांनीं माकडांस निरोगी सशाच्या मेंदूचा अर्क वारंवार टोंचून पाहिला. रोगजंतूंचा संबंध नसतांही कांहीं माकडें लुळीं पडलीं. परक्या मेंदूवर चवताळलेल्या पेशींनीं स्वतःच्या मेंदूवरही हल्ला चढविला होता.

मल्टिपल स्क्लेरोसिस या व्याधींत असाच प्रकार घडतो. विजेच्या तारेवर रबराचें वेष्टन असावें, त्याप्रमाणें मज्जातंतूंवर मायलिनचें वेष्टन असतें. शरीराच्या रक्षक पेशी तेंच कुरतडूं लागतात. ऐन विशी-तिशींत दृष्टि अंधुक होते, पाय अडखळूं लागतात, रोग मध्येंच ओसरतो आणि पुन्हां उसळतो. पुरुषांपेक्षां स्त्रियांस तो अधिक गांठतो.

आतां पेप्टाइड म्हणजे काय, तें पाहूं. आपल्या शरीरांतील प्रथिनें हीं अमिनो आम्लांच्या लांब साखळ्या होत. अशा साखळीचा लहानसा तुकडा तें पेप्टाइड. एमिल फिशर यांनीं १९०१ सालीं अशा दोन कड्या जोडून दाखविल्या. १९६३ सालीं ब्रूस मेरिफील्ड यांनीं साखळीचें एक टोंक घन कणास बांधून तीवर एकामागून एक कडी चढविण्याची युक्ति काढली, आणि अशा साखळ्या घडविणें पुष्कळ सुकर झालें.

त्याच दशकांत इस्राएलमधील रेहोव्होत येथील वाइझमान इन्स्टिट्यूटमध्यें मायकेल सेला, रूथ आर्नोन आणि द्वोरा टाइटेलबाउम हीं तिघें प्राण्यांतील याच रोगाचा अभ्यास करीत होतीं. मायलिनमधील एका प्रथिनासारख्या कृत्रिम साखळ्या बनवाव्या, त्या गिनीपिगांस टोंचाव्या आणि रोग कसा जडतो तें पाहावें, असा त्यांचा बेत होता. अलॅनिन, लायसिन, ग्लुटामिक आम्ल आणि टायरोसिन या चार अमिनो आम्लांचें मिश्रण त्यांनीं केलें. परंतु एकाही साखळीनें रोग जडेना. तेव्हां त्यांनीं उलट प्रश्न केला : ज्या साखळ्यांनीं रोग होत नाहीं, त्यांनीं रोग टळतो काय? गिनीपिगांस तो खरोखरच टळला. ही हकीकत १९७१ सालीं प्रसिद्ध झाली.

माणसांवरील कसोटीस आणखी पुष्कळ वर्षें लागलीं. न्यू यॉर्कचे डॉक्टर मरे बॉर्नस्टाइन यांनीं १९८७ सालीं दोन वर्षांच्या चांचणीचा निकाल प्रसिद्ध केला. औषध घेणाऱ्या २५ रोग्यांत मिळून रोगाचे १६ झटके आले; नुसतें पाणी टोंचलेल्या २३ जणांत ६२ आले. १९९५ सालच्या २५१ रोग्यांच्या मोठ्या चांचणींत मात्र झटक्यांची घट सुमारें २९ टक्केच दिसली. औषधाचें सामर्थ्य पहिल्या अपेक्षेहून माफक ठरलें, पण खरें ठरलें, आणि १९९६ सालीं अमेरिकेंत त्यास परवानगी मिळाली.

या यशानें शास्त्रज्ञांचा धीर वाढला. योगायोगानें सांपडलें तें बुद्धिपूर्वक आखून कां करूं नये? पेशी ज्या तुकड्यावर झडप घालतात, तोच मायलिनचा तुकडा किंचित् बदलून टोंचला, तर त्या भुलून शांत होतील, असा तर्क झाला. प्राण्यांत तो पटलाही. पण अमेरिकेंतील एका चांचणींत आठ रोग्यांस हें पेप्टाइड दिल्यावर तिघांचा रोग उसळला, आणि त्यांपैकीं दोघांच्या बाबतींत त्याचा संबंध औषधाशीं जोडतां आला. चांचणी थांबवावी लागली. हें वृत्त २००० सालीं प्रसिद्ध झालें. रोग जडविण्यास केलेली साखळी औषध ठरली होती, आणि औषध म्हणून विचारपूर्वक आखलेली साखळी रोगास चेतवून गेली.

नंतरच्या संशोधकांनीं म्हणून दुसरी वाट धरली. पेशींस भुलविण्याऐवजीं त्यांच्यांतील निरोपच अडवावा, ही ती वाट. दाह पसरविण्याचा निरोप पेशी एकमेकींस विशिष्ट प्रथिनांच्या द्वारें धाडतात. इंटरल्यूकिन-२३ नांवाचें असें प्रथिन २००० सालीं ओळखलें गेलें. तें नसलेल्या उंदरांस मेंदूचा हा रोग जडत नाहीं, हें २००३ सालीं सिद्ध झालें. तें अडविणारीं प्रतिद्रव्यें निघालीं, पण त्यांचे रेणू अवाढव्य असल्यामुळें तीं टोंचूनच द्यावीं लागतात. पेप्टाइड पोटांत घ्यावें तर जठरांतील रस त्याचे तुकडे करतात. यावर उपाय म्हणून साखळीचीं टोंकें वळवून तिचें कडें केलें आणि निसर्गांत न आढळणाऱ्या अमिनो आम्लांच्या कड्या तींत बसविल्या. इकोट्रोकिन्रा नांवाचें असें पेप्टाइड निरोप घेणाऱ्या पेशीचें दारच अडवितें. सोरायसिस या त्वचारोगाच्या २५५ रोग्यांवरील चांचणीचा निकाल २०२४ सालीं प्रसिद्ध झाला. दिवसांतून दोनदां १०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकीं ७९ टक्के लोकांचा विकार सोळा आठवड्यांत तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक ओसरला. नुसती पोकळ गोळी घेणाऱ्यांत हें प्रमाण ९ टक्के होतें.

तरीही एक गोष्ट विसरतां कामा नये. दाहाचा निरोप हा मुळांत शरीराच्या रक्षणाचाच निरोप आहे. तो किती अडवावा आणि किती जाऊं द्यावा, याचा निवाडा आराखड्यावर होत नाहीं. त्या आठ रोग्यांनीं आपला देह कसोटीस लावला होता, आणि तर्क कोठें फसला तें त्यांच्या दुखण्यावरूनच कळलें. आज कडें वळवून नवें पेप्टाइड घडविणाऱ्यांच्या हातीं जी सावधगिरी आहे, तिचा मोठा भाग त्यांच्याच ऋणांत आहे.