काठी टेकणे

मराठीत काठीला जितकी नावे आहेत तितकी चालण्याला नाहीत. काठी, सोटा, दांडके, दंडुका, लाठी, छडी, वेत, आकडी, टेकू, कुबडी. ह्यांतली 'काठी' संस्कृत 'काष्ठा'च्या कुळातली; 'लाठी' मूळच्या 'यष्टी'पासून प्राकृत 'लट्ठी'च्या वाटेने आलेली. 'दंड' ह्या एकाच शब्दाने तर केवढा पसारा मांडला आहे! संन्याशाच्या हातातली काठी म्हणजे दंड, शिक्षा म्हणजे दंड, कोपराच्या वरचा हात म्हणजे दंड, तालमीत काढायचे ते दंड, आणि उसाच्या शेतात पाटाचे पाणी ज्या चरातून खेळते तोही दंड.

ही सारी नावे एकत्र वाचताना एक गोष्ट लक्षात येते. बहुतेक शब्द काठीने दुसऱ्याचे काय करायचे ते सांगतात: मारायचे, हाकायचे, धाक घालायचा, शिक्षा करायची. स्वतःच्या पायांना आधार म्हणून काठी घ्यायची झाली, तर आपल्याजवळ मुख्यतः दोन वाक्प्रचार उरतात, आंधळ्याची काठी आणि म्हातारपणाची काठी. त्यातही काठी हे पुष्कळदा पोटच्या मुलाचे रूपक असते. 'काठी टेकत आला' असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वाकलेली पाठ उभी राहते. धडधाकट माणसाने लांब चालायचे म्हणून घेतलेल्या काठीला मराठीने वेगळे नाव दिले नाही. आज बारामतीचा एखादा तिशीतला गृहस्थ राजगडावर जाण्यासाठी दुकानात जाऊन 'ट्रेकिंग पोल' मागतो, तेव्हा ही रिकामी जागा तो एका परक्या शब्दाने भरत असतो. तो शब्द त्याला हवाही असतो, कारण त्यात म्हातारपण नाही.

ही जागा रिकामी कशी राहिली, हे शोधायला भवानीनगरसारखे ठिकाण नाही. बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याभोवती वाढलेली ही वस्ती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डाव्या कालव्याचे पाणी ह्या भागात आले, पुढे ऊस आला, मग कारखाना. चढउतार म्हणावा असा काही नाही. परंतु दर वर्षी आषाढाच्या तोंडावर महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या पायी वाटचालींपैकी एक ह्याच रस्त्यावरून जाते. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज ह्यांनी 1685 मध्ये सुरू केलेला हा पालखी सोहळा बारामती सोडून काटेवाडीला येतो. तिथे परीट समाजाची मंडळी पालखीखाली धोतरांच्या पायघड्या घालतात आणि पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. नंतर भवानीनगरावरून शेजारच्या सणसरला मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी बेलवाडीला अश्वांचे गोल रिंगण.

देहू ते पंढरपूर हे अंतर सुमारे 250 किलोमीटरचे. एवढे चालणारा वारकरी हातात काय घेतो? टाळकऱ्याचे दोन्ही हात टाळांत गुंतलेले. मृदंग गळ्यात, त्यावर दोन्ही हात. वीणेकऱ्याचा एक हात वीणेवर, दुसरा चिपळ्यांत. बाईच्या डोक्यावर तुळशीवृंदावन, ते सावरायला हात. पताकाधाऱ्याजवळ काठी असते, पण ती खांद्यावर. पताकेची काठी जमिनीला टेकून चालायचे नसते. वारीत काठी दिसत नाही असे नव्हे. वयस्कर माणसे ती घेतातच. परंतु दिंडीच्या रचनेत तिला जागा नाही. पावलाला लागणारा ताल टाळ देतो, तोल पुढच्यामागच्या ओळी देतात. वाटही एरवी सपाट आहे. बारामतीच्या अलीकडे रोटीचा छोटा घाट सोडला तर दम लागावा असे काही नाही. आळंदीच्या सोहळ्याला दिवेघाट आहे, पण तोही चढायचा, उतरायचा नव्हे. ह्या फरकाचे महत्त्व पुढे येईल.

वारीतली खरी मानाची काठी चोपदाराची. आळंदीच्या सोहळ्यात समाजआरतीच्या वेळी चोपदार आपला दंड उंच करतो आणि एवढा मोठा जनसागर निमिषात शांत होतो. ही काठी जमिनीकडे जात नाही, वर जाते. माघी पौर्णिमेला जेजुरीला जाणाऱ्या शिखरकाठ्यांचेही तसेच. संगमनेरकर होलमांची आणि बारामती तालुक्यातल्या सुप्याच्या खैऱ्यांची काठी देवळाच्या शिखराला भेटवतात, आणि त्या मानासाठी पिढ्यान्‌पिढ्या माणसे चालत येतात. सज्जनगडावर समर्थांच्या वस्तूंमध्ये कुबडी दाखवतात. ती पायांसाठी नव्हे, जपाला बसताना हात टेकण्यासाठी. आपल्या परंपरेत काठीला मान भरपूर मिळाला. गुडघ्याशी मात्र तिचा फारसा संबंध आला नाही.

अपवाद धनगराचा. काटेवाडीच्या रिंगणात ज्याच्या मेंढ्या धावतात, त्याची काठी सर्वार्थाने चालणाऱ्याची काठी आहे. डोक्याइतकी किंवा त्याहून उंच. तिने तो मेंढरे वळवतो, ओढा ओलांडताना पाण्याची खोली पाहतो, झुडपात साप आहे का ते बघतो, आणि थांबला की तिच्यावर भार टाकून एका पायावर उभा राहतो. टोकाला विळा बांधला की तीच आकडी होते आणि बाभळीचा पाला खाली येतो. दिवाळीनंतर मेंढरे घेऊन कोकणाकडे उतरणाऱ्या आणि पावसाच्या आधी परतणाऱ्या ह्या माणसांना वर्षातून दोनदा सह्याद्री ओलांडावा लागतो. उतारावर लांब काठी पुढे रोवून तिच्या आधाराने पाऊल खाली सोडायचे, हे तंत्र त्यांना कुणी पुस्तकातून शिकवले नाही. आल्प्समधल्या गुराख्यांचेही असेच झाले. लोखंडी अणीचा त्यांचा लांब सोटा अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत हौशी गिर्यारोहकांनी उचलला. आपल्याकडे धनगराची काठी गिरिप्रेमींनी उचलली नाही. जातीची आणि वर्गाची भिंत मध्ये होती असे मला वाटते. ज्याच्याकडून ताक विकत घेतले, त्याच्या हातातली वस्तू आपल्याही उपयोगाची असेल असे सुचणे कठीण जाते.

शहरी मराठी माणसाची काठी वेगळ्या वाटेने आली. महाबळेश्वरच्या बाजारातून मध आणि चपलांबरोबर आणायची ती नक्षीची काठी साहेबी फेरफटक्याची. ती बहुधा घरी कोपऱ्यात उभी राहिली. 1930 च्या मार्चमध्ये वयाच्या एकसष्टाव्या वर्षी गांधीजी साबरमतीहून दांडीला निघाले. चोवीस दिवसांत सुमारे 385 किलोमीटर, हातात वेळूची लांब काठी. ती काकासाहेब कालेलकरांनी दिल्याचे सांगतात. नंतरच्या पुतळ्यांनी आणि चित्रांनी ती काठी एवढी प्रतीकमय केली की, ती एका उतारवयाच्या माणसाने रोजच्या चालीसाठी घेतलेले साधन होते, हे आपण विसरूनच गेलो.

आपल्या वाङ्मयातही हाच प्रकार. इरावती कर्व्यांचा 'वाटचाल', दि. बा. मोकाशींचे 'पालखी' (1964), गो. नी. दांडेकरांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' आणि 'दुर्गभ्रमणगाथा': चालण्याविषयी इतके उत्तम लिहिणारी भाषा फार थोड्या असतील. नर्मदा परिक्रमेत तर हातातला दंड नित्याचाच. पण ह्या लेखनाची परंपरा आपण ज्या रीतीने वाचतो आणि शिकवतो, तीत भक्ती येते, समाज येतो, इतिहास येतो. चालणाऱ्याच्या शरीराची व्यवस्था, म्हणजे जोडा, काठी, पाण्याचे भांडे, बाजूला पडते. वर्गात 'वाटचाल' शिकवताना, ही माणसे पायांत काय घालून चालत होती, हा प्रश्न कितीजण विचारतात?

किल्ल्यांवर हिंडणाऱ्यांनी अनेक वर्षे वाटेवरची कारवी मोडून काम भागवले. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते आणि मरते. मेलेली काटकी कुडाच्या भिंतीला चांगली, पण माणसाचा भार आला की कटकन मोडते. हिरवी तोडली तर फुलोरा जातो. आता पायथ्याच्या अनेक गावांत मुले वीस-तीस रुपयांना वेळूची काठी देतात आणि उतरल्यावर ती पुष्कळदा परतही घेतात. ही मला फार शहाणपणाची व्यवस्था वाटते.

आजचा ट्रेकिंग पोल हा वंशाने बर्फावर घसरणाऱ्यांच्या काठीचा. जर्मनीतल्या लेकी ह्या कंपनीने 1974 मध्ये 'मकालू' नावाची, लांबी कमीजास्त करता येणारी काठी बाजारात आणली, तेव्हापासून चालणाऱ्यांसाठी ही वस्तू स्वतंत्रपणे घडू लागली. तिच्या उपयोगाचा पुरावा उताराशी निगडित आहे. 1999 मध्ये श्वामेडर आणि सहकाऱ्यांनी 25 अंशांच्या उतारावर चालणाऱ्यांची मोजमापे घेतली. दोन काठ्या वापरल्या असता गुडघ्यावर येणारा कमाल भार 12 ते 25 टक्क्यांनी घटतो, असे त्यात दिसले. राजगड किंवा तोरणा उतरताना हजारो पावलांशी हा आकडा गुणून पाहावा. चढताना काठी दम वाचवते असे अनेकांना वाटते. तिथे तिचा लाभ मुख्यतः तोलाचा. पायांवरचा थोडा भार हातांवर जातो एवढेच.

मग साध्या, कधीमधी डोंगरावर जाणाऱ्या माणसाने काय घ्यावे? साहित्याच्या पानावर हा प्रश्न विचारण्याबद्दल क्षमा मागण्याचे कारण दिसत नाही. कमी पैशांत मिळणारी ॲल्युमिनियमची काठी बहुतेकांना पुरेशी असते. कार्बन फायबरची हलकी खरी, पण महाग, आणि दगडाच्या खाचेत अडकून आडवा ताण आला तर तुटते. ॲल्युमिनियम त्या वेळी वाकते, आणि वाकलेली काठी घरापर्यंत साथ देते. मुठीखाली धक्का शोषणारी स्प्रिंग असल्याची जाहिरात फार असते. स्वस्त काठीत ती नसलेलीच बरी. वजन वाढते, आणि टेकताना काठी किंचित दबते ती नेमकी भरवसा हवा तेव्हा. पैसा घालायचा तो कळीत घालावा. पिळून घट्ट करायची कळ सह्याद्रीतल्या धुळीने आणि पावसाने लवकर निसटू लागते, आणि भार देताना काठी आत गेली तर माणूस तोंडावर पडतो. बाहेरून खटक्याने बंद होणारी कळ दिसते, तपासता येते, सैल झाल्यास स्क्रू फिरवून घट्टही करता येते. दुकानातच काठी पूर्ण उघडून तिच्यावर अंगाचा भार टाकून पाहावा. दुकानदाराला आवडणार नाही, टाकावा.

लांबी अशी की टोक जमिनीवर असताना कोपर काटकोनात राहील. साडेपाच फुटी माणसाला 110 सेंटिमीटरच्या आसपास. उतारावर पाच-दहा सेंटिमीटर वाढवायची, चढावर तेवढीच घटवायची. मनगटाच्या पट्ट्यात हात खालून वर घालावा, म्हणजे भार पट्ट्यावर येतो आणि मूठ आवळावी लागत नाही. घसाऱ्यावर आणि मुरुमाच्या उतारावर काठीचे सोने होते. जिथे कातळाला हात लावून चढायचे, तिथे ती घडी करून पाठीवर बांधावी. हातात लटकती काठी तिथे धोक्याची.

आणि वेळूची? कोकणातला माणगा बुडाशी बराचसा भरीव असतो. त्याची सरळ, वाळलेली, हातभर जास्त लांब ठेवलेली काठी कुठल्याही पोलच्या तोडीची. लांबी बदलण्याची युक्ती धनगराकडे आहेच: हात वरखाली सरकवायचा. बसमध्ये ती अडचण करते हा एकमेव मोठा दोष. 2017 मध्ये वनकायद्यात दुरुस्ती होऊन वनाबाहेरचा बांबू वृक्षाच्या व्याख्येतून वगळला गेला, तेव्हापासून बांधावरचा वेळू तोडण्या-विकण्याची कटकटही कमी झाली आहे.

भवानीनगरच्या रस्त्याकडे पुन्हा पाहायला हवे, कारण तो आता पूर्वीचा नाही. पाटस, बारामती, इंदापूर, तोंडले ह्या संत तुकाराम महाराज पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाचे भूमिपूजन 8 नोव्हेंबर 2021 रोजी झाले. वारकऱ्यांसाठी कडेने वेगळी पायवाट ठेवण्याची त्यात योजना आहे, ही चांगली गोष्ट. पण रुंदीकरणात जुनी सावली गेली, आणि मातीच्या कडेची जागा सिमेंटने घेतली. सिमेंट गुडघ्याला मातीइतके सांभाळून घेत नाही. दिंडीत पन्नाशी-साठी ओलांडलेले शेतकरी आणि कष्टकरी फार मोठ्या संख्येने असतात. हंगामभर मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढलेला ऊसतोड कामगारही त्यांत असतो. त्या कामातही हात मोकळा नसतो, आणि गुडघे चाळिशीतच बोलू लागतात. अशा माणसाने काठी घेतली तर तो थकला, असे दिंडीत कुणी म्हणत नाही, पण तो स्वतः तसे समजतो. त्याच्या नातवाच्या हातात पोल असतो आणि तो तरुण दिसतो.

ह्या नव्या रस्त्यावर पोलचे कार्बाइडचे टोक कुचकामी. सिमेंटवर ते टकटक वाजते, घसरते, मनगटाला हादरे देते. त्यावर रबरी टोपण चढवावे लागते, आणि ते अशा रस्त्यावर झिजून गळून पडते, म्हणून जोडीला एक जास्तीचे ठेवावे. वेळूच्या काठीला औषधाच्या दुकानात मिळणारे कुबडीचे रबरी बूच बसते. काठी बरोबर नेऊन मापाने घ्यावे. सैल बसले तर आत सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळावी.