हजची नोट आणि आखाती रुपया

जुन्या नोटा जमवणाऱ्या एका परिचितांनी मध्यंतरी मला दहा रुपयांची एक नोट दाखवली. रिझर्व्ह बँकेचीच, पण तिच्यावर 'हज' असे छापलेले आणि क्रमांकाआधी 'एचए' ही अक्षरे. "ही तुमच्या लोकांसाठी काढली होती," ते म्हणाले. बोलण्यात कुत्सितपणा नव्हता, पण एका समाजाच्या यात्रेसाठी सरकारने वेगळी नोट का काढावी, हा प्रश्न त्यात होताच. घरी येऊन मी उत्तर शोधू लागलो. ते धर्माच्या नव्हे, तर देशाच्या जमाखर्चाच्या वहीत सापडले.

कुवेत, बहरीन, कतार, दुबई येथे एकेकाळी भारतीय रुपयाच चालत असे, हे आज फारसे कुणाला ठाऊक नाही. तिथले मोती आणि खजूर मुंबईला येत, मुंबईहून तांदूळ आणि कापड तिकडे जाई. वेगळ्या चलनाची गरजच नव्हती. स्वातंत्र्यानंतरही हे चालू राहिले. तिथल्या बँकांकडे रुपये जास्त झाले, की त्या ते रिझर्व्ह बँकेला परत देत आणि बदल्यात ब्रिटिश पौंड घेत.

घोळ झाला सोन्यामुळे. 1947 नंतर सोन्याच्या आयातीवर बंदी आली. जगाच्या बाजारात सोने 35 डॉलर औंस होते आणि डॉलर 4 रुपये 76 पैशांना. म्हणजे तोळा साडेबासष्ट रुपयांना पडत होता. मुंबईत मात्र तोच तोळा शंभराच्या वर विकला जाई. मग दुबईत उघडपणे घेतलेले सोने गलबतांतून आपल्या किनाऱ्यावर चोरून उतरू लागले. त्याची किंमत रुपयांच्या नोटांत चुकती होई. त्या नोटा दुबईला जात, तिथून बँकेमार्फत रिझर्व्ह बँकेकडे येत आणि आपले पौंड बाहेर जात.

आयातीच्या नोंदवहीत या सोन्याची एक ओळही नव्हती. तरी त्याची किंमत देश चुकवतच होता. देशाच्या व्यवहारतोलाचा नियम साधा आहे. आपण परदेशाला विकतो त्यापेक्षा जास्त विकत घेतले, तर मधली तूट कशाने तरी भरावीच लागते. परदेशात कमावलेला पैसा घरी यावा, कुणी भांडवल गुंतवावे, कर्ज मिळावे, नाहीतर साठवलेली गंगाजळी मोडावी. तस्कर कस्टमला चुकवू शकतो, या हिशेबाला नाही.

आणि तेव्हा गंगाजळी आटलेलीच होती. युद्धकाळात ब्रिटनकडे साठलेले आपले पौंड दुसऱ्या पंचवार्षिक योजनेची यंत्रसामग्री आणताना झपाट्याने संपले. 1958 मध्ये जागतिक बँकेच्या पुढाकाराने कर्ज देणाऱ्या देशांचा गट जमवावा लागला. एकेका पौंडाची किंमत होती.

म्हणून 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात दुरुस्ती करून आखाती देशांसाठी वेगळ्या रंगाच्या, 'झेड' अक्षराच्या नोटा निघाल्या. भारतात त्या चालत नसत. आपल्या नेहमीच्या नोटा बाहेरून आणून पौंड घेण्याचा रस्ता बंद झाला. पण हाजी तर सौदीला रुपयेच नेत. त्यांच्यासाठी तो रस्ता उघडा ठेवला असता, तर तस्करांनीही तोच धरला असता. म्हणून हजची नोट वेगळी. ज्याला आज कुणी लाड म्हणेल, ते खरे तर तिजोरीचे कुलूप होते.

कुलूप लागले, पण गळती थांबली नाही. सोन्याच्या बदल्यात आता चांदी चोरून बाहेर जाऊ लागली आणि हवाला वाढला. 6 जून 1966 रोजी डॉलर 4.76 वरून 7.50 रुपयांवर गेला. आखाती रुपया बाळगणाऱ्यांची एक तृतीयांशाहून जास्त किंमत एका रात्रीत गेली. कुवेत आणि बहरीनने आधीच आपापली चलने काढली होती. आता कतार आणि दुबईनेही रुपया सोडला, 1970 मध्ये ओमाननेही.

1973 नंतर तेलाचे भाव चढले आणि रत्नागिरी-रायगडची आपली पोरे आखातात कामाला गेली. त्यांच्या कमाईने देशाची तूट भरून निघायला हवी होती. बरीचशी निघालीही. पण हवाल्याने पाठवलेल्या पैशाचे तसे नसते. दिरहम तिकडेच राहतात, त्यांतून सोने घेतले जाते आणि इकडे घरी फक्त रुपये पोचतात. कुटुंबाची चूल पेटते, देशाच्या हाती काही लागत नाही. 1990-91 मध्ये चालू खात्यावरची तूट सुमारे 9.7 अब्ज डॉलरवर गेली आणि जुलै 1991 मध्ये रिझर्व्ह बँकेला जवळपास 47 टन सोने परदेशी गहाण टाकावे लागले. घराघरांत सोने होते, देश मात्र सोने गहाण टाकत होता.

तस्करांच्या यादीत आपल्या समाजातली नावे होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यावरून सगळ्या समाजाला बोल लावला गेला, हेही खरे. पण ते सोने विकत कोण घेत होते? मंगळसूत्रही त्याचेच होते आणि आमच्या निकाहातल्या बांगड्याही त्याच्याच. माझ्या नानीच्या बांगड्यांचे सोने कुठून आले, हे आमच्या घरात कुणी कधी विचारले नाही. सोनाराकडे कोणत्याच धर्माचे गिऱ्हाईक ते विचारत नव्हते.

शेवटी गळती कमी झाली ती धाकाने नव्हे. 1992 मध्ये परतणाऱ्या अनिवासी भारतीयांना शुल्क भरून 5 किलोपर्यंत सोने आणायची मुभा मिळाली. 1993 मध्ये रुपयाचा दर बाजारावर सोपवला. चोरवाटेचा नफा घटला, तसा कष्टाचा पैसा बँकेतून येऊ लागला. 1990-91 मध्ये असा खासगी पैसा सुमारे 2 अब्ज डॉलर होता, 1996-97 मध्ये सुमारे 12 अब्ज. त्यात नवी कमाई होती, आणि पूर्वी लपून येणारीही.

त्या परिचितांना मी हे सगळे सांगितले. नोट त्यांनी पुन्हा प्लॅस्टिकच्या पाकिटात घातली. आता कुणाला दाखवाल तेव्हा एवढे जरूर सांगा, मी म्हणालो: ही नोट आमच्यासाठी होती, पण बिल सगळ्यांच्या सोन्याचे होते.