काडी, कात्री आणि बागायतदारांचा संघ

फळछाटणी तोंडावर आली की जाणता द्राक्ष बागायतदार बागेतल्या निवडक काड्या कापून तपासणीला देतो. प्रयोगशाळेत काडीवरचा एकेक डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. घड पाचव्या डोळ्यात आहे की सातव्या, हे समजलं की कात्री कुठे चालवायची ते ठरतं. अंदाज चुकून काडी दोन डोळे आखूड छाटली गेली, तर त्या वर्षीचं पीक काडीबरोबरच सरीत पडतं.

इतकं नाजूक पीक महाराष्ट्रात रुजलं, वाढलं आणि परदेशी गेलं. त्यामागे महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाचा मोठा वाटा आहे.

संघाची स्थापना 1960 सालची. त्या काळी बागांत भोकरी, अनाबेशाही, चिमा साहेबी अशा बियांच्या जाती होत्या. पुढे बिनबियांची थॉमसन सीडलेस आली आणि सगळं गणितच बदललं. या जातीचा मणी मुळात बारीक. त्याला फुगवण हवी तर घड जिबरेलिक आम्लाच्या, म्हणजे बागायतदारांच्या भाषेत ‘जीए’च्या द्रावणात बुडवायचा, मण्यांची विरळणी करायची आणि हे सगळं ठरल्या दिवशीच उरकायचं. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी हे वर्षाचे दोन खांब. हे सारं एकट्याने चुकतमाकत शिकायचं तर उमेदीची कैक वर्षं गेली असती. नाशिक, पुणे, सांगली आणि सोलापूर या चार विभागांतून संघाने चर्चासत्रं भरवली, शिवारफेऱ्या काढल्या, ‘द्राक्षवृत्त’ हे मासिक चालवलं. एका तालुक्यात जमलेली गोष्ट दुसऱ्या जिल्ह्यात पोचू लागली.

या मोकळेपणाचं मोल वाणांच्या इतिहासात दिसतं. तासगाव तालुक्यातल्या बोरगावचे वसंतराव आर्वे यांना थॉमसनमध्ये वेगळा वेल दिसला; त्यातून ‘तास-ए-गणेश’ उभा राहिला. सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ आणि काळ्या मण्यांचा ‘शरद सीडलेस’ दिला. हे दोघेही शेतकरी, आणि त्यांच्या काड्या राज्यभरच्या बागांत गेल्या.

1991 साली बागायतदारांच्या सहकारी संस्था एकत्र येऊन ‘महाग्रेप्स’ उभी राहिली आणि द्राक्षं युरोपच्या बाजारात उतरली. सुरुवातीच्या काही खेपा दर्जावरून नाकारल्या गेल्या. पूर्वशीतकरण, शीतगृह, पेटीतली मांडणी हे सगळं नव्याने शिकावं लागलं. 1997 साली पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झालं आणि बागायतदाराला शास्त्रज्ञाचा शेजार मिळाला.

खरी कसोटी पुढेच होती. 2003 मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत कीडनाशकाचे अंश सापडले. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशांवरून कंटेनर अडकले. एका बागेतली चुकीची फवारणी सगळ्यांच्या मालावर संशय आणते, हे तेव्हा प्रत्येकाला कळून चुकलं. दरम्यान 2006 मध्ये ‘ग्रेपनेट’ ही मालाचा माग ठेवणारी व्यवस्था आली होती. निर्यातीच्या बागेची नोंदणी, फवारणीची नोंदवही, मालाची अंश-तपासणी असा प्रवास नोंदींत उमटू लागला. ही शिस्त कायद्याने आली खरी, पण ती बांधापर्यंत नेण्याचं काम चर्चासत्रांनी केलं. फवारणी आणि काढणी यांत किती दिवसांचं अंतर ठेवायचं, हे बागायतदाराने तिथे आपल्यासारख्याच बागायतदाराच्या तोंडून ऐकलं.

आता अवकाळी पाऊस ऐन फुलोऱ्यात गाठतो, डाऊनी हा बुरशीजन्य रोग एका रात्रीत घड जाळतो आणि खर्च दरवर्षी चढतो. अशा वेळी नव्या पिढीचा बागायतदार मोबाइलवरच्या सल्ल्यावर विसंबतो. त्याने छाटणीआधीच्या चर्चासत्रालाही जरूर जावं, आणि आपल्या बागेत काय साधलं याबरोबर काय फसलं, तेही तिथे उभं राहून सांगावं.