शून्याच्या जागी चार

मुंबईहून चेन्नईला किंवा हैदराबादला जाणारी गाडी वाडी जंक्शनला थांबते. तिथल्या सिमेंट कारखान्यात एक उंच मनोरा असतो, प्रीहीटरचा. एकाखाली एक लोखंडी सायक्लोन. दळलेली चुनखडी वरून खाली येते, भट्टीतले गरम वायू खालून वर चढतात. तळाच्या सायक्लोनशी पोचेपर्यंत पुडीचं तापमान ८५० ते ९०० अंशांवर गेलेलं असतं. तिथे बसवलेला थर्मोकपल, म्हणजे दोन धातूंच्या तारांचा तापमापक, एवढ्या उष्णतेचा हिशेब जेमतेम ३७ मिलिव्होल्टमध्ये देतो. टॉर्चचा एक सेल दीड व्होल्टचा असतो. त्याचा हा चाळिसावा भाग. तो इवला इशारा मोठाल्या मोटारींच्या आणि त्यांच्या केबलींच्या शेजारून कंट्रोल रूमपर्यंत शाबूत पोचवायचा असतो. हे काम करणारी डबी बोट-दोन बोटं रुंद असते, पॅनेलमध्ये डिन रेलवर बसते. तिचं नाव सिग्नल कंडिशनर. प्लांटवर कुणी तिला आयसोलेटर म्हणतं, कुणी कन्व्हर्टर. लक्ष कुणाचंच नसतं, पण कंट्रोल रूममधला माणूस कोळसा वाढवतो की कमी करतो, हे तिच्या सांगण्यावर ठरतं.

कलबुर्गी जिल्ह्याला ही डबी फार जवळची असायला हवी. शहाबाद, वाडी, मळखेड, सेडम हा सगळा पट्टा चुनखडीवर उभा आहे. महाराष्ट्रातल्या घराघरांत जी शहाबादी फरशी आहे, तिचाच दगड इथे भट्टीत जातो. शहाबादची सिमेंट कंपनी निजामाच्या राज्यातली. १९३६ साली अनेक कंपन्या एकत्र येऊन एसीसी झाली, त्यात ती होती. मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांची मान्यखेट, आज तिथेही सिमेंटच बनतं. कलबुर्गीहून आळंदकडे जाताना लागणारं कडगंची मात्र मराठी माणसाला वेगळ्या कारणाने ठाऊक असतं. गुरुचरित्रातला सायंदेव इथला, आणि तो ग्रंथ मराठीत लिहिणारा सरस्वती गंगाधर त्याच घराण्यातला. ग्रंथात त्याने आपली पिढ्यान्‌पिढ्यांची नावं सांगितली आहेत. आता त्याच कडगंचीत २००९ साली स्थापन झालेलं कर्नाटक केंद्रीय विद्यापीठ आहे. तिथे इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलामुलींपैकी कुणाला या सिमेंटच्या पट्ट्यात नोकरी लागली, तर ही डबी पहिल्याच आठवड्यात हातात येईल. म्हणून तिचंही कुळ सांगावंसं वाटतं. तिच्यावरचं प्रत्येक बटण, प्रत्येक स्क्रू कुठल्या ना कुठल्या गरजेतून किंवा कुणाच्या तरी मरणातून आलेला आहे. ते माहीत असलं की सेटिंग करताना हात आपोआप जपून चालतो.

सुरुवात १८२१ची. बर्लिनमध्ये थॉमस सीबेकला दिसलं, की दोन वेगळे धातू दोन्ही टोकांना जोडून एक टोक तापवलं की जवळची होकायंत्राची सुई हलते. पुढची साठ-पासष्ट वर्षं ही गोष्ट प्रयोगशाळेतच घुटमळली, कारण भरवसा ठेवावा असा तापमापक तिच्यातून कुणाला जमत नव्हता. तो जमवला हेन्री ल शातलिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने, १८८६-८७च्या सुमारास. एक तार शुद्ध प्लॅटिनमची, दुसरी प्लॅटिनममध्ये दहा टक्के ऱ्होडियम मिसळलेली. आणि याच माणसाचा १८८७चा डॉक्टरेटचा प्रबंध सिमेंटवर आहे. पाण्याने घट्ट होणाऱ्या चुन्या-सिमेंटची घडण त्याने त्यात उलगडली. आजही भारतातल्या प्रत्येक सिमेंट कारखान्याच्या प्रयोगशाळेत पितळेचा एक चिरलेला गोल साचा असतो, दोन लांब काट्यांचा. सिमेंट घट्ट झाल्यावर फुगतं का, ते त्यात बघतात. साध्या सिमेंटला १० मिलिमीटरपेक्षा जास्त प्रसरण चालत नाही. त्या साच्याचं नाव ल शातलिए. वाडी-सेडमच्या केमिस्टच्या तोंडी हे नाव रोज असतं. आवाराच्या दुसऱ्या टोकाला भट्टीशी असलेला थर्मोकपलही त्याच माणसाच्या हातून कारखान्यात आला, हे इन्स्ट्रुमेंट खात्यातल्यांना क्वचितच कुणी सांगितलेलं असतं. दोन्ही खात्यांचा मूळपुरुष एक आहे, याचा मला फार आनंद वाटतो.

थर्मोकपलचा एक स्वभाव इथेच सांगून टाकतो, कारण आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो नडतो. थर्मोकपल तापमान मोजतच नाही, दोन टोकांमधला फरक मोजतो. भट्टीकडचं टोक गरम; दुसरं टोक जिथे डबीला जोडलं, तिथलं तापमान डबी स्वतः मोजून त्यात मिळवते. याला कोल्ड जंक्शन कॉम्पेन्सेशन म्हणतात. आता मे महिना धरा. कलबुर्गीत बाहेर ४२ अंश, सायक्लोनजवळच्या जंक्शन बॉक्समध्ये ६०, आणि डबी एसी खोलीत २५ अंशांवर. जंक्शन बॉक्सपासून पुढे योग्य कॉम्पेन्सेटिंग केबल न ओढता हाताशी होती ती तांब्याची वायर ओढली, तर आकडा ३५ अंशांनी कमी दिसणार. केबल योग्य, पण दोन्ही टोकांना उलटी जोडली, तर दुप्पट, म्हणजे ७० अंशांनी कमी. आकडा नीट वर-खाली होत राहतो, त्यामुळे शंकाही येत नाही. उलटी जोडली जाते त्याचं कारण साधं आहे: अमेरिकी रंगपद्धतीत थर्मोकपलची लाल तार ऋण असते, आणि आपल्या वायरमनच्या हाताला लाल म्हणजे धन हेच वळण असतं.

कुळाची दुसरी शाखा हवेची. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कारखान्यातले बरेचसे इशारे तारेतून जात नव्हते, तांब्याच्या बारीक नळीतून दाबाच्या हवेने जायचे. १९१४च्या सुमारास फॉक्सबोरो कंपनीच्या एडगर ब्रिस्टलने फ्लॅपर-नोझलची युक्ती काढली: एक बारीक तोटी आणि तिच्यासमोर हलणारी पट्टी. पट्टी जवळ आली की मागचा दाब वाढतो, दूर गेली की उतरतो. यातून पुढे जो दंडक ठरला तो ३ ते १५ पीएसआय. आपल्याकडे मेट्रिक हिशेबात ०.२ ते १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. शून्यापासून का नाही? एक तर दाब अगदी उतरला की तोटी-पट्टीची चाल सरळ राहत नाही. दुसरं आणि मोठं कारण, नळी फुटली तर दाब शून्य होतो. कमीत कमी मापासाठीही ३ पीएसआय ठेवला, की खरोखरचं शून्य दिसल्याबरोबर कळतं की माप शून्य नाही, नळी तुटली आहे. या सगळ्या कुळातला सर्वांत मोलाचा विचार मला हाच वाटतो. काहीच नाही आणि काहीच कळत नाही, या दोन गोष्टी यंत्राने वेगळ्या सांगितल्या पाहिजेत.

हवा गेली, वीज आली, तरी तो विचार टिकला. १९५०च्या दशकात काही कंपन्यांनी १० ते ५० मिलिअँपियर धरला, कारण त्या वेळच्या चुंबकीय अँप्लिफायरना तेवढा प्रवाह लागायचा. ट्रान्झिस्टर आल्यावर कमी प्रवाहात भागू लागलं आणि ४ ते २० मिलिअँपियर रूढ झाला. अमेरिकेतल्या आयएसए संस्थेचं त्याविषयीचं मानक १९७५चं आहे. आकडे शेजारी ठेवून बघा: ३ आणि १५, ०.२ आणि १, १० आणि ५०, ४ आणि २०. सगळीकडे एकास पाच. २५० ओमच्या रेझिस्टरमधून तो प्रवाह नेला की १ ते ५ व्होल्ट मिळतात, पुन्हा एकास पाच. शिवाय खालच्या चार मिलिअँपियरवर यंत्राचं स्वतःचंही पोट भरतं, म्हणून दोनच तारांत वीजही जाते आणि मापही येतं. १९९४ साली जर्मनीतल्या नामूर संस्थेने त्यात आणखी एक रेघ ओढली: खरं माप ३.८ ते २०.५ मध्येच असेल; ३.६च्या खाली किंवा २१च्या वर गेलं तर ते माप नव्हे, बिघाडाची आरोळी समजायची.

तिसरी शाखा दुःखाची आहे. १४ ऑक्टोबर १९१३ रोजी वेल्समधल्या सेंघेनिड गावच्या कोळसा खाणीत स्फोट झाला. ४३९ खाणकामगार आणि बचावाला गेलेला एक जण, असे ४४० गेले. ठिणगी कशी पडली ते छातीठोकपणे ठरलं नाही, पण संशय होता खाणीतल्या इशारा-घंटेवर. त्या काळी बोगद्यातून दोन उघड्या तारा जायच्या; कामगाराने कुठेही लोखंडाच्या तुकड्याने त्या जोडल्या की वर घंटा वाजायची. बॅटरीचे थोडेसे व्होल्ट, त्याने काय होणार, अशी समजूत होती. व्हीलर आणि थॉर्नटन या संशोधकांनी दाखवलं, की धोका नुसत्या व्होल्टमध्ये नाही. घंटेच्या गुंडाळीत ऊर्जा साठते, आणि तारा सुटताना ती एकदम ठिणगीत उतरते. त्या ऊर्जेला आधीच लगाम घातला, तर तार तुटली तरी ठिणगी वायू पेटवू शकत नाही. यालाच पुढे इंट्रिन्सिक सेफ्टी म्हणू लागले. निळ्या टर्मिनलचे आयसोलेटर आणि झेनर बॅरियर त्याच घंटेचे वारस. सिमेंट कारखान्यात कोळसा दळतात तिथे, किंवा साखर कारखान्याला जोडून असलेल्या डिस्टिलरीत, ते लागतात. निळ्या टर्मिनलची वायर साध्या वायरींच्या डक्टमधून नेऊ नये, आणि झेनर बॅरियरची अर्थिंग एक ओमच्या आत असावी, हे नियम कुणी हौसेने लिहिलेले नाहीत.

आता डबी हातात घेऊ. थर्मोकपल के टाइपचा, डबीची रेंज ० ते १२००. त्यात ९०० अंश म्हणजे बरोबर १६ मिलिअँपियर. पण कंट्रोल रूमच्या संगणकात कुणी रेंज ० ते १००० भरली असेल, तर तेच १६ मिलिअँपियर पडद्यावर ७५० अंश दिसतात. ऑपरेटरला वाटतं तापमान पडलं. तो कोळसा वाढवतो. पूड जास्त तापून चिकटते आणि सायक्लोन जाम होतो. जाम काढायला माणसं जातात, आणि अडकलेली शेकडो अंशांची पूड एकदम सुटली तर पाण्यासारखी धावत अंगावर येते. सिमेंट कारखान्यातले भाजण्याचे सर्वांत भयंकर अपघात अशा वेळचे असतात. रेंजचे दोन आकडे दोन ठिकाणी जुळतात का, हे बघण्यामागे इतकं आहे.

म्हणून पॅनेल उघडण्याआधी परमिट घ्यायचं. कंट्रोल रूमला सांगून त्या मापावर चालणारा नियंत्रणाचा लूप मॅन्युअलवर घ्यायला लावायचा, आणि त्यावर ट्रिप, म्हणजे यंत्रणा आपोआप बंद करणारी सोय, असेल तर अधिकाऱ्याच्या सहीनेच बायपास करायची. डबी २४ व्होल्ट डीसीची की २३० व्होल्टची, हे पाटीवर वाचायचं आणि तरीही मल्टिमीटर लावून बघायचं. जोडणी झाली की कॅलिब्रेटरने मिलिव्होल्ट द्यायचे. इथे नवखा माणूस हमखास फसतो. तक्त्यात ९०० अंशांसमोर ३७.३२६ मिलिव्होल्ट असतात, तेवढे तांब्याच्या वायरने तो देतो आणि आकडा वीस-पंचवीस अंशांनी वर दिसतो. मग तो झिरो-स्पॅन फिरवून ९०० आणतो आणि चांगली डबी बिघडवून ठेवतो. डबी २५ अंशांवर असेल, तर त्या २५ अंशांचा १.००० मिलिव्होल्ट ती स्वतः मिळवत असते. द्यायचे असतात ३६.३२६.

त्यानंतर बर्नआउटची दिशा. थर्मोकपल तुटला तर आकडा वर उडावा की खाली पडावा, हे डबीला आधी सांगून ठेवावं लागतं. भट्टीच्या इंधनाचा लूप असेल तर वर, कारण खाली पडला तर यंत्रणा इंधन ओतत राहील. पण डोळे मिटून सगळीकडे वर करून चालत नाही. साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये ड्रमची पातळी चुकीने वर दिसली, तर फीड पाणी बंद होईल आणि नळ्या कोरड्या पडतील; चुकीने खाली दिसली, तर पाणी वाढून वाफेबरोबर टर्बाइनपर्यंत जाईल. तिथे नियंत्रणाचं माप आणि ट्रिपचं माप वेगवेगळ्या यंत्रांवरून घ्यावं लागतं. ही निवड इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकने एकट्याने करायची नसते. प्रोसेसच्या माणसाला शेजारी बसवून करायची असते.

केबलच्या शिल्डचं म्हणाल, तर ते एकाच टोकाला अर्थ करायचं. मनोऱ्याची जमीन आणि कंट्रोल रूमची जमीन एका पातळीवर नसते. दोन्हीकडे बांधलं की त्या फरकाचा प्रवाह शिल्डमधून फिरतो. डबीतलं आयसोलेशन याच रोगावरचा उतारा आहे: आत येणारा आणि बाहेर जाणारा इशारा यांच्यात तांब्याचा सरळ धागाच ठेवायचा नाही, ट्रान्सफॉर्मरच्या किंवा प्रकाशाच्या वाटेने पलीकडे पोचवायचं.

कुळातली एक अलीकडची नोंद २३ मार्च २००५ची, टेक्सास सिटीच्या तेलशुद्धीकरण कारखान्याची. तिथे १७० फूट उंच मनोऱ्यात द्रव चढत चढत दीडशे फुटांच्या वर गेला होता, आणि पातळी दाखवणारा ट्रान्समीटर मात्र आठ फुटांच्या आसपास, तीही हळूहळू उतरती दाखवत होता. स्फोटात १५ जण गेले, १८० जखमी झाले. चौकशीत निघालेल्या अनेक कारणांपैकी एक असं, की त्या ट्रान्समीटरची सेटिंग १९७५च्या जुन्या कागदावरून केलेली होती. आत वाहणाऱ्या द्रवाची घनता त्या कागदावरल्यापेक्षा वेगळी होती. तार शाबूत होती, आकडा येत होता. तुटलेली तार दाखवणारा चार मिलिअँपियर शिळ्या कागदापुढे काही करू शकला नाही.

आता डबीची सेटिंग लॅपटॉपवरून, मोबाइलवरूनही होते. पॅनेलशी न जाता कुणीही रेंज बदलू शकतो, म्हणून काम झालं की राइट-प्रोटेक्टचा जंपर लावायचा किंवा पासवर्ड घालायचा. आणि पॅनेलच्या दाराच्या आत चिकटवलेल्या तक्त्यावर सेन्सरचा टाइप, दोन्हीकडची रेंज, बर्नआउटची दिशा, हात लावण्याआधी काय आकडे होते आणि नंतर काय राहिले, हे आजच्या तारखेने लिहायचं. खाली सही करायची, वाचता येईल अशी.